आईच्या पाठीसाठी कपलिंग

जर्मनीतल्या बॉबलिंगेनमध्ये आम्ही चार मराठी इंजिनिअर शनिवारी चहाला जमतो. आठवडाभर गाड्यांचे पार्ट डिझाइन करायचे आणि शनिवारी त्यांच्यावरच बोलायचं, असे आम्ही! त्यातून किस्से इतके साठलेत की चहा संपतो, किस्से संपत नाहीत. पण सचिनच्या कपलिंगची सर कशालाच नाही.

सचिनने छोटी एसयूव्ही घेतली आणि मागे ट्रेलर ओढायची कपलिंग बसवायचं ठरवलं. कारण सांगलीची आई. पाठीच्या दुखण्यामुळे तिला फार वेळ बसवत नाही, आडवं व्हावं लागतं. आणि तिला बोडनझे बघायचं होतं. लेकाने पहिल्या वर्षी पाठवलेला त्या तळ्याचा फोटो तिने देवघराशेजारी लावलाय. सचिनचा बेत सोपा होता: मागे पलंग असलेली कॅरॅव्हॅन जोडायची, आई आत झोपून खिडकीतून बघत जाईल.

*

कपलिंग तीन प्रकारची. कायमची बसवलेली, काढता येणारी आणि बंपरखाली वळवून लपवता येणारी. आमच्या चर्चा महिनाभर चालल्या. काढता येणारी गंजेल का? वळणारी अडकेल का?

शेवटी सचिनची बायको मुग्धा ट्रे आपटून म्हणाली, "मला बघायला आलास तेव्हा अर्ध्या तासात हो म्हणालास!"

*

मग आमच्यातल्या अमितने मुद्दा काढला, कॅरॅव्हॅन ज्यावर अडकते त्या कपलिंगच्या गोळ्यावर भार किती येणार? "आईंचं वजन किती?"

सचिनने तिथल्या तिथे सांगलीला फोन लावला.

आई म्हणाली, "का रे? सामानात घालून नेणार आहेस का मला?"

*

काढता येणारी पसंत पडली. बसवून आणल्यावर रविवारी पार्किंगमध्ये गोळ्याला हळदकुंकू लावलं. सचिनने नारळ उचलला, तेवढ्यात बाल्कनीतून शेजारच्या फ्राऊ केलर ओरडल्या, "आज रविवार आहे! आवाज नको!"

इथे रविवारी शांतता पाळतात, म्हणून नारळ न फोडता नुसताच गोळ्याला टेकवला. फ्राऊ केलर खाली आल्या, हे काय चाललंय म्हणून. सचिनने कौतुकाने आईचा बेत सांगितला.

"पण चालत्या कॅरॅव्हॅनमध्ये माणूस बसवायला बंदी आहे," त्या म्हणाल्या.

आपल्याकडे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत अख्खं वऱ्हाड जातं. हा प्रश्न आम्हा चार इंजिनिअरांच्या डोक्यातच आला नव्हता!

अमित तेवढा मान डोलवत म्हणाला, "गेनाऊ." अगदी बरोबर!

*

सचिन हटला नाही. थांबत थांबत जाऊ, प्रत्येक थांब्यावर आई मागे जाऊन आडवी होईल, असं ठरलं. व्हिसाची तयारीही सुरू झाली. आणि सांगलीच्या डॉक्टरांनी विमानप्रवासालाच नाही म्हटलं.

तरी सचिन दर रविवारी कपलिंग काढायचा, पुसायचा आणि आईच्या जुन्या पातळाच्या तुकड्यात गुंडाळून ठेवायचा. त्याची मुलगी इरा मराठी सगळं समजते, बोलते मात्र जर्मन. एकदा ती म्हणाली, "पापा, ओमा कॉम्ट डोख गार निष्ट!" आजी तर येतच नाहीये!

सचिन पुसत राहिला. पुढच्या शनिवारी त्याने हे आम्हाला सांगितलं. आमच्या सगळ्यांच्याच आया तिकडे आहेत, आणि त्या दिवशी सगळ्यांनाच त्यांची फार आठवण आली.

*

उन्हाळ्यात सचिनने कॅरॅव्हॅन भाड्याने घेतली. आम्हीही सोबत गेलो. बोडनझेच्या काठी जागा मिळाली. त्याने कॅरॅव्हॅन सोडवली, तिचे चारही आधाराचे पाय जमिनीला टेकवले, कपलिंग काढून पातळात गुंडाळली. मग आतल्या पलंगावर आईने शिवलेली गोधडी अंथरली आणि आईला व्हिडिओ कॉल लावून उशीवर फोन ठेवला, खिडकीकडे तोंड करून.

सांगलीत आई आपल्या पलंगावर कुशीवर वळली. बराच वेळ नुसती बघत राहिली. आम्ही दाराशी उभे.

मग आवाज आला, "सचिन, जरा पुढे घे रे. झाड आडवं येतंय."

फोन दोन बोटं सरकवला असता तरी चाललं असतं. पण सचिन खाली उतरला. पातळ सोडून कपलिंग लावली, चारही पाय वर घेतले, गाडी मागे आणून कॅरॅव्हॅन जोडली. फोन तसाच उशीवर होता.

आणि अगदी हळू, धक्का लागू न देता, त्याने ती चार हात पुढे नेली.

"हां," आई म्हणाली. "आता दिसतंय."