दोन जेवणांमधल्या साहेबी टोप्या

फोन आला तेव्हा मी चहा गाळत होते. भंडाऱ्याहून माझ्या भावाच्या शेजारच्या सुलोचनाबाई बोलत होत्या. "ताई, दादा उठूनच नाही राहिले... दार ठोकून ठोकून थकलो आम्ही. तुम्ही निघा." गाळणीतून थेंब पडत राहिले, आणि मी त्या थेंबांकडे पाहत विचारले, "जेवला होता का काल?" मृत्यूची बातमी ऐकून कुणी असा प्रश्न विचारत नाही. पण आमच्या घरात प्रत्येक गोष्टीची चौकशी तिथूनच सुरू होत आली. नागपूरहून एस.टी.त बसले तेव्हा सकाळचे दहा वाजत होते, म्हणजे त्याची ताट वाढण्याची वेळ... आज त्या गोष्टीला सात आठवडे झाले.

दादा, म्हणजे वसंता, माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. आमचे घर विणकरांचे. अंगणात दोन माग आणि बाजारात कापडाचे छोटे दुकान. वडील गेले तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. आईने अन्न सोडले होते. आत्या, मावशी, शेजारणी, सगळ्यांचे घास तिने परतवले. तेराव्या दिवशी दादाने ताट वाढून तिच्यापुढे ठेवले आणि ती मुकाट्याने जेवली. जमलेल्या माणसांच्या डोळ्यांत पाणी आले. त्या दिवसापासून आईचा नेम झाला, वसंताने वाढले तरच जेवायचे, सकाळी दहाला आणि संध्याकाळी सातला. त्याला उशीर झाला तर ती ओरडत नसे, रुसत नसे. नुसती ताटाच्या जागेसमोर बसून राही. गावाने त्याला श्रावणबाळ म्हटले. कौतुकाचे कुलूप आवाज न करता बसते, आणि त्याची किल्ली कुणाकडे मागायची हे कळत नाही. लग्नाची बोलणी दोनदा त्या ताटापाशी येऊन थांबली. मी मात्र शिकायला नागपूरला गेले, कविता वाचल्या, नोकरी धरली, संसार मांडला.

टोप्यांचे वेड त्याला अड्याळला लागले. तिथल्या मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेत, दंडारीचे लोकनाट्य करणाऱ्या मंडळींना वेषांसाठी कापड पोचवायला तो गेला होता. त्यांच्या पेटीत गाठोड्याखाली एक तपकिरी फेल्टची हॅट चेपून पडली होती. दादाने ती उचलली आणि तिच्याभोवतीच्या रिबनीवरून अंगठ्याचे नख फिरवले. विणकराचे नख ते, स्पर्शानेच धागे मोजणारे.

"कोणाची होय हे?"

"इन्स्पेक्टरची!" पेटी सांभाळणारा म्हणाला. "आमचा इन्स्पेक्टर लय भेकड हाये, दादा. हे टोपी डोक्यावर नसली तं चोरालेच सलाम ठोकते."

दादाने इन्स्पेक्टरला बाजारातून नवीकोरी टोपी घेऊन दिली आणि जुनी घरी आणली. नवी टोपी घालून इन्स्पेक्टर त्या रात्री संवाद विसरला, असे पुढे कित्येक वर्षे त्याला ऐकवले गेले.

मग तो शोधतच राहिला. मँगनीजच्या खाणींवर एके काळी गोरे साहेब होते. जाताना कुणी खानसाम्याला, कुणी ड्रायव्हरला आपली हॅट देऊन गेले. त्या हॅट दोन-तीन पिढ्यांनंतर कुठे बुजगावण्याच्या डोक्यावर, कुठे मोहफुले वेचण्याच्या टोपलीशेजारी, कुठे अंड्यांवर बसलेल्या कोंबडीखाली सापडत. तो त्यांचे वय काढी. आतली चामड्याची पट्टी, जी कपाळाला टेकते, तिला तो घामपट्टी म्हणे. ती हलकेच उलटून मागचा नंबराचा चिटोरा वाचायचा. अस्तर शिवलेले आहे की चिकटवलेले, हे बोटाने चाचपायचा. रिबनीचा एक धागा सोडवून काडीच्या ज्योतीवर धरायचा... केस जळल्याचा वास आला तर रेशीम, कागदाचा आला तर रेयॉन. हा वास आमच्या घरात मुलांना अक्षरओळखीआधी शिकवत. "रेशीम हाये," तो डोळे मिटून म्हणे, "म्हणजे बहुतेक दुसऱ्या लढाईच्या आधीची." बहुतेक हा शब्द तो कधी गाळत नसे. प्रत्येक हॅटला दोऱ्याने एक पुठ्ठा बांधलेला असे. कुठे मिळाली, कुणाकडून, अंदाजे कधीची. आणि खाली एक ओळ, 'साहेब कुठे गेला'. तिथे कधी विलायत, कधी कोलार, कधी नुसते 'आगगाडीने'.

माडीवरच्या त्याच्या खोलीत हवा जात नसे. खिडकी उघडली की हातभर अंतरावर शेजारची भिंत. पलीकडून पितळेवर हातोडे पडत, दिवसभर, एकाच तालात. कडुलिंबाची वाळकी पाने, जुनी लोकर, आणि कुण्या परक्या माणसांचा कधीचा घाम, असा तिथला वास. मी एकदा त्याला म्हणाले, "तुझ्याकडे सगळ्या आपल्याच जिल्ह्यातल्या कशा? जबलपूरला, पचमढीला किती सापडतील!" तो पुठ्ठ्याला गाठ मारत होता. "दहाले वाढलं की निघतो," तो म्हणाला, "अन् सातले वाढाले परत. मध्ये जेवढी एस.टी. जाते तेवढंच माहं जग." इतक्या साध्या आवाजात, की मी हसले.

त्याच्या आयुष्यात एकदाच दार किलकिले झाले. कलकत्त्याला एक म्हातारे टोपीवाले होते. त्यांच्या वडिलांनी खाणीच्या साहेबांना हॅट पुरवल्या होत्या. कुणाकडून तरी त्यांचा पत्ता मिळाला आणि पत्रे सुरू झाली. म्हाताऱ्याने लिहिले की दुकानाच्या जुन्या नोंदवह्या अजून आहेत. कोणत्या साहेबाची हॅट कोणत्या महिन्यात बनली, सगळे त्यात आहे. तू ये, तुझे अंदाज आपण ताडून पाहू. दादा नागपूरला माझ्या घरी आला तो ते पत्र घेऊन, सकाळचे ताट वाढून, दुपारी. खुर्चीच्या कडेवर बसला.

"आठ दिवस," तो म्हणाला. "तू आईपाशी राहशील? तुह्या हातचं ते जेवेल. मी विचारलं तिले."

"काय म्हणाली?"

"काही नाही म्हणाली. पण 'नाही' नाही म्हणाली."

माझ्या कवितासंग्रहाची मुद्रिते तपासायची होती. शिवाय मला भीती वाटत होती, हे आज लिहितेच. आई माझ्या हातचे जेवली, तर ते ताट उद्या माझे होईल, ही भीती. मी म्हणाले, "दादा, पुढच्या महिन्यात बघू ना. म्हातारा कुठे पळून चालला?" तो लगेच उठला. सातची वेळ गाठायची होती. जिन्यात वळून म्हणाला, "तुह्यं पुस्तक होऊन जाऊ दे आधी. माहं काय... एवढे वर्ष बहुतेकवर चाललंच ना."

पुढचा महिना लागायच्या आत म्हातारे गेले. मुलांनी दुकान विकले, वह्या रद्दीत गेल्या. दादाने हे मला फोनवर सांगितले आणि मग माझ्या पुस्तकाचे मुखपृष्ठ कोणत्या रंगाचे आहे, ते विचारले. त्यानंतर सहा वर्षांनी आई गेली. मला वाटले, आता हा मोकळा झाला. मीच त्याला तिकीट काढून देते म्हणाले. "आता कायले?" तो म्हणाला. दहाला आणि सातला तो घरी येतच राहिला, एकट्यापुरते ताट वाढायला. अकरा वर्षे. तेव्हा तर कुणी वाट पाहत नव्हते...

तेरवीनंतर मी त्याची खोली आवरायला बसले. त्रेचाळीस हॅट, त्रेचाळीस पुठ्ठे. खाटेखालच्या पत्र्याच्या पेटीत आणखी एक निघाली, पुठ्ठा नसलेली. राखी रंगाची, जरा आक्रसलेली. पाहताच ओळखली. नाकाडोंगरीच्या एका आजीची होती. दादाला साहेबाची टोपी हवी आहे, हे कळल्यावर तिने ती रिठ्याच्या पाण्यात घासून धुतली होती. कुजलेली घामपट्टी, चिटोरा, अस्तर, सगळे उसवून चुलीत टाकले होते. मी त्या दिवशी बरोबर होते. दादाचा चेहरा पडलेला पाहून आजी म्हणाली, "काहून रे बाबू, नाही आवडली? पाहुण्याच्या हातात मळकी वस्तू कशी देऊ?" दादाने ती दोन्ही हातांत घेतली, वाकून तिच्या पाया पडला. बसमध्ये मला म्हणाला, "लय चकचकीत केली बुढीने. आता हे कोणाचीच नाही राहिली."

त्या हॅटला आता नवी घामपट्टी होती. गावातल्या चांभाराकडून कापून आणलेले साधे चामडे, दादाने स्वतः शिवलेले. त्याचे टाके मला अंधारातही ओळखता येतील. मी खिडकीशी गेले, त्याने शिकवले तसे नख फिरवले. दोरा आमच्याच मागावरचा होता, कुसुंबी रंगाचा, शेवटच्या लुगड्यांतला. ती लुगडी उतरली आणि मागोमाग माग मोडीत निघाले, ते माझ्या पुस्तकाची मुद्रिते आली त्याच्या थोडे आधी. मागांबरोबर उरलेला दोराही विकला गेला. म्हणजे माझ्याकडे पत्र घेऊन आला, तेव्हा त्याने प्रवासासाठी हॅट शिवून ठेवलेली होती. हे बहुतेक नव्हे.

मग पट्टी उलटली. कपाळाला टेकते तिथे चामडे काळे, गुळगुळीत, तेलकट झाले होते. इतके काळे एखाद्या दिवसात होत नाही. त्याला वर्षे लागतात, रोजचे डोके लागते. पण भंडाऱ्यात कुणीही, सुलोचनाबाईंनीही, त्याला हॅट घातलेले कधी पाहिले नव्हते. बाजारात नाही, बसमध्ये नाही. तो ती इथेच घालत होता, या खोलीत, खाट आणि भिंत यांच्यामधल्या चार पावलांत.

खाली सुलोचनाबाईंनी हाक मारली, "ताई, ताट वाढलं. येऊन राहिल्या ना?" मी हॅट डोक्यावर ठेवली. ती सैल होती, भुवयांवरून घसरून डोळ्यांवर आली. आतमध्ये अंधार, कडुलिंब आणि त्याच्या केसांच्या तेलाचा वास. पलीकडे पितळेवर हातोडा पडत होता. मी तशीच उभी राहिले, बराच वेळ. मला कुठेही जायचे नव्हते. जायचे त्याला होते.