पारोशी

मी मेंदूविकारांची डॉक्टर झाले तेव्हा आमचे सर ठासून सांगायचे, मल्टिपल स्क्लेरॉसिस हा गोऱ्यांचा आजार, आपल्याकडे शोधत बसू नका. मी शोधत बसले. स्वभावच आडमुठा, त्याला कोण काय करणार? या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच नसांवरचं आवरण कुरतडते. आज डोळा जातो, महिन्याभराने परत येतो, मग पाय जातात. पुण्यात एमआरआय आलं आणि असे पेशंट दिसायला लागले. मी त्यांची रक्तं, त्यांना विचारून, फ्रीजरमध्ये साठवत गेले.

एक गोष्ट मात्र उलगडत नव्हती. घरी धड असलेली माणसं माझ्यासमोर आली की अडखळायची. नातेवाईक वैतागायचे. एका सासूबाईंनी तर सुनेला सरळ नाटकी ठरवून टाकलं होतं.

मग येरवड्याहून एक बापलेक यायला लागले. वडील टपाल खात्यातून निवृत्त झालेले, मुलगी हिंजवडीतल्या कंपनीत. त्यांच्या घराण्यात कॉम्प्युटरवर पगार कमावणारी ही पहिलीच, त्यामुळे वडील तिच्याबद्दल बोलताना खुर्चीत ताठ बसायचे. तिला एका डोळ्याने अंधुक दिसत होतं. माझ्याकडे यायची ती कडक इस्त्रीचा ड्रेस घालून, केस ओले. एकदा मी सहज विचारलं, आंघोळ कधी केलीस? म्हणाली, निघताना, बाबा कडकडीत पाणी काढून देतात. डॉक्टरकडे जायचं तर स्वच्छ जावं, कुणी नाव ठेवू नये, हा बाबांचा दंडक.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आधीच दुखावलेल्या नसा उष्णतेने तेवढ्यापुरत्या सुस्तावतात, हे पुस्तकात होतं. आपली माणसं डॉक्टरकडे जाताना गरम पाण्याने न्हाऊन जातात, हे कुठल्या पुस्तकात असणार? मी सांगितलं, उद्या तशीच ये. वडील ओशाळले. "पारोशी?"

ती पारोशी आली आणि तिने नजर तपासायच्या तक्त्यावरच्या दोन ओळी जास्त वाचल्या. केवढी हसली! गरम पाण्याने कायमचं काही बिघडत नाही, थंडावलं की पूर्ववत होतं, हे मी वडिलांना नीट समजावलं. त्यांनी मान डोलावली.

आजार मात्र ऐकेना. महागडी इंजेक्शनं चालू असताना तो डोळा पुरता गेला, मग दुसऱ्यावर आला. कंपनीची गाडी गल्लीत यायची थांबली. ती विचारायची, पुन्हा स्क्रीन वाचता येईल का? मी म्हणायची, बघू. डॉक्टरच्या 'बघू'चा अर्थ तिला बरोबर कळायचा. शेवटी सूज मानेतल्या मज्जारज्जूपर्यंत चढली आणि श्वास थांबला. घरी येऊन मी ढसाढसा रडले. असे किती पेशंट गेले असतील, पण तिचं जाणं मला अजून सोसत नाही.

काही वर्षांनी रक्ताची एक नवी तपासणी आली. तिच्या साठवलेल्या रक्तात वेगळाच दोष निघाला. दिसायला तसाच, पण निराळा आजार. आमची इंजेक्शनं त्याच्यावर चालत नाहीत, हे जगालाच तेव्हा ठाऊक नव्हतं. मी वडिलांना बोलावून घेतलं आणि काही न लपवता सगळं सांगितलं. चिडतील, जाब विचारतील, अशी मनाची तयारी केली होती. ते म्हणाले, "म्हणजे मॅडम, पाण्याने नाही ना गेले तिचे डोळे?"

"अहो, नाही. मी तेव्हाच सांगितलं होतं की तुम्हाला."

"सांगितलं होतंत. पण ती शेजारी बसली होती. मला वाटलं, तिच्यासमोर माझी लाज राखताय."

मी पुन्हा सांगितलं, पाण्याने नाही. त्यांनी ते परत एकदा म्हणायला लावलं. मग रुमालाने डोळे पुसले आणि म्हणाले, ती गेल्यापासून थंड पाण्यानेच आंघोळ करतोय.