परीक्षेतली आजी

एमडी झाल्यावर माणसानं गपगुमान दवाखाना टाकावा, फीत कापावी, पेढे वाटावेत. मला हौस दांडगी. म्हटलं, नवजात बाळांची फेलोशिप करू, अजून एक वर्ष. आई म्हणाली, "अजून शिकतीच हायस? लोकांची लेकरं बरी करता करता तुझं कधी..." ते वाक्य मी तिला कधीच पुरं करू दिलं नाही. माझं गाव वडवणी, म्हणून फेलोशिपसुद्धा अंबाजोगाईतल्या एका खासगी बालरुग्णालयात घेतली. माणसं आपली, बोली आपली, मला कोण फसवणार, असा माझा तोरा होता.

वर्षाअखेर परीक्षा आली. पाऊण किलोच्या बाळाच्या शिरेत सुई घालणं, श्वासाची नळी टाकणं, यंत्रं लावणं, सगळं झकास झालं. शेवटची परीक्षा होती बोलण्याची. खोलीत एक आजी बसवतात, खोटी. तिचा नातू सातव्या महिन्यात जन्मलेला, आज घरी चाललाय. पुढच्या मंगळवारी त्याचे डोळे तपासायला आणलंच पाहिजे, नाहीतर तो आंधळा होऊ शकतो, हे तिला दहा मिनिटांत पटवायचं. मग परीक्षक तिलाच विचारणार, "आणणार का?" ती नाही म्हणाली की आपण नापास, आणि फेलोशिप आणखी सहा महिने. माझी बीडची नोकरी पुढच्या महिन्यात सुरू व्हायची होती. सहा महिने थांबायला तिथले साहेब काय माझे मामा होते?

आजी कोण होणार हे कळलं तेव्हा मी मनातल्या मनात नाचले. आमच्या वॉर्डातली मावशी! वीस वर्षं तिथं फरशी पुसून, लंगोट धुऊन डॉक्टरांपेक्षा शहाणी झालेली बाई. तिचं सासर मेंढपाळांचं. परीक्षेच्या आदल्या दुपारी मी गरम भजी घेऊन चादरींच्या खोलीत तिला गाठलं.

"मावशी, तुम्ही फक्त मान हलवायची. शेवटी 'येते' म्हणायचं. बस."

"एवढंच व्हय?" तिनं सगळी भजी संपवली आणि माझ्याच अॅप्रनला हात पुसले. "जावा म्याडम, तुमी पास."

दुसऱ्या दिवशी मी खोलीत शिरले. एका बाजूला आमच्या विभागप्रमुख मॅडम, शेजारी बाहेरून आलेले परीक्षक सर, आणि समोर डोक्यावर पदर घेऊन मावशी. मी तिची म्हैस चोरून नेली असावी, तशी ती माझ्याकडं बघत होती. मी मनात म्हटलं, वा, काय अभिनय!

मी सुरू झाले. "आजी, मुदतपूर्व जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा अपरिपक्व असतो..." माझं मराठी त्या दिवशी पार सदाशिव पेठेत जाऊन पोचलं होतं. काजळ नको, घुटी नको, बाळाला छातीशी धरा, आणि मंगळवारी डोळे दाखवायला या. मावशी बरोबर ठरल्याप्रमाणे मान हलवत होती. मी परीक्षकांची नजर चुकवून तिला हळूच डोळा मारला. सहा मिनिटांत सगळं संपवून ऐटीत म्हणाले, "झालं, सर."

सरांनी घड्याळ बघितलं, मग विचारलं, "काय आजी, आणणार का मंगळवारी?"

"न्हाई."

"सर, आजी जरा थकल्यात," मी म्हणाले. मॅडमना एकदम खोकला आला आणि त्यांनी तोंडावर रुमाल धरला.

"चार मिनिटं आहेत अजून," सर म्हणाले. "बोला."

मला असला संताप आला! भजी खाऊन उलटली बया! सदाशिव पेठ गेली उडत, तोंडातून निघालं ते थेट वडवणीचं. "कावून न्हाई?"

"मंगळवारी आमी हितं कुठं हाव? मेंढरं उद्या हलत्यात. दोन दिस एका रानात, दोन दिस दुसऱ्या."

"मग मंगळवारी कुठं असाल?"

"घाटनांदूरच्या अंगाला. कुणाचं रान मिळंल ते."

"तिथून जीप मिळती की."

"मिळती. पर मी आले तर भाकरी कोण थापणार? कोकरं कोण बघणार? सून एकटी यायची न्हाई."

"घरात अजून कोण हाय?"

"धाकला हाय. त्याच्याकडं फोन बी हाय. पर त्याला कुणी सांगितलं? तो भायेर झाडाखाली बसलाय, तुमी मलाच पडदा-पडदा करीत बसलात."

"त्याला आत बोलवा. नंबर द्या त्याचा. सोमवारी सांजच्याला मी सोता फोन करते. मंगळवारी आलात का दारातच उभी असते, रांगेत बसवत न्हाई." मी परीक्षा विसरले होते. "आन् आजी, एक दिवस कोकरं दुसऱ्यांनी बघितली तर मरत न्हाईत. पर ह्याचे डोळे गेले, तर जल्मभर ह्यो मेंढरांमागं चालंल कसा?"

मावशीची मान पहिल्यांदा खाली गेली.

सरांनी परत विचारलं, "काय, आजी?"

तिनं पदर सारखा केला, छताकडं बघितलं, माझं काळीज पुरतं कुरतडून घेतलं आणि म्हणाली, "धाकला आणील. मी बी येते." तेवढ्यात घंटा वाजली.

मी पास झाले. मार्कही भरपूर पडले. बाहेर व्हरांड्यात मी मावशीला अडवलं. "काय हो, आपलं काय ठरलं होतं?"

"भजी ग्वाड होती," ती हसत म्हणाली.

"मावशी! माझा जीव जायची वेळ आली होती. तुम्ही न्हाई कावून म्हणालात?"

तिनं फरशी पुसायची बादली उचलली. आता ती हसत नव्हती. "अवो म्याडम, खरी आजी असते तर म्हणाले नसते. डाक्टरांच्या तोंडावर न्हाई कोण म्हणतंय? मान हलवायची, हो म्हणायचं, अन् लेकरू घिऊन निघायचं. मंगळवारी तुमी बसा वाट बघत."

ती गेली. फोन वाजत होता, आईचाच असणार, पास झाले का विचारायला. मला उचलवेना. लाज वाटली, खरंच सांगते. वर्षभरात कितीतरी आज्यांना मी तसंच समजावून घरी पाठवलं होतं, आणि त्यातली एकसुद्धा मला 'न्हाई' म्हणाली नव्हती.