माझ्या आयडियांची खोट काढणारी नजमाभाभी

आज मला नजमाभाभीशी भांडायचंय, आणि ती मरून वर्ष झालं.

महाडात आमची भिंतीला भिंत. ती शिवणकाम करायची.
माझ्या डोक्यात काही आलं की हातातलं टाकून मी तिच्याकडे धावायची.

पिठाची गिरण टाकायचं ठरवलं तेव्हाही तशीच गेले. बाजारात, नदीच्या अंगाला गाळा बघितलेला. एकदम फर्स्ट क्लास!

भाभीनं शिलाई मशीन थांबवलीसुद्धा नाय.
"पाणी भरलं की गिरण डोक्यावर घेशील काय गो?"
"तुझ्या तोंडातून कधी चांगलं निघतच नाय!"
"नसू दे. गिरण कुठं नेशील ते सांग."

आठ दिवस बोलले नाय तिच्याशी.

नवव्या दिवशी गाळ्यात जाऊन भिंतीचा नवा रंग नखानं खरवडला. रंगाखाली पुराच्या चिखलाची रेघ.
माझ्या डोक्याच्या वर.

मग चढावरचा गाळा धरला. सगळे हसले. भाभी म्हणाली, "बाया दळण घेऊन एवढं चढतील कशाला? तूच घरोघर जाऊन आण."
परत चिडले. पण केलं तेच. म्हणून आज गिरण चालू हाय.

आता ऐक भाभी, नवीन आयडिया!

गणपतीला मुंबईची माणसं गावी येतात. त्यांना मोदकाचं पीठ रेडी देणार. तांदूळ धुऊन, सुकवून, दळून, पाकीट बंद! महाड, पोलादपूर, दोन्हीकडे!

पोरगी म्हणाली, "मस्त, आई."
भावानं अंगठा पाठवला.
नवरा म्हणाला, "तुला पटतंय ना? कर मग."

अरे, मला कोणी अडवतच नाय!

शेवटी काल गिरणीत मीच मला मोठ्यानं दरडावलं, "भर श्रावणात धुतलेले तांदूळ सुकवशील कुठं?"

बोंबला!
महिनाभर नाचत होते, आणि हे डोक्यातच आलं नव्हतं.

ठरलं. पाऊस लागायच्या आत धुऊन, खडखडीत सुकवून ठेवायचे. दळायचे गणपतीच्या तोंडावर.
ही खोट मी एकटीनं काढली, भाभी!

पण तू एका खोटीवर कधी थांबली नायस. दुसरी असणारच.

उद्या सकाळी तांदूळ घ्यायला निघतेय. वाचणाऱ्यांनो, त्याआधी ती दुसरी खोट सांगा. "छान" लिहाल तर ब्लॉक करीन.

सलाम, भाभी. तुला न विचारता पहिल्यांदाच काही करतेय.