माझ्या मशीनवर हाय ना...

फोन प्रवीणच्या नंबरवरून आला, म्हणून उचलल्या उचलल्या मी झापायलाच सुरुवात केली. दुपार होत आली तरी साहेबांचा ऑफिसात पत्ता नव्हता. पलीकडे सुनीता वहिनी होत्या. एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, हे गेले हो..." झोपेतच गेला होता.

द्वारका चौकाजवळच्या एका खोलीच्या ऑफिसात आम्ही दोघंच. पाठीला पाठ लावून प्रोग्राम लिहायचो आणि भांडायचो. तो मूळ देवळ्याचा. शहरात इतकी वर्षं काढूनही त्याचं 'लय' आणि 'हाय' सुटलं नाही. काम पाठवलं की मान न वळवता म्हणायचा, "टाकलं बघ." मी म्हणायचो, "आलं रे." दिवसभरात एवढंच बोललो, असेही दिवस गेले. त्याची खुर्ची मी अजून हलवलेली नाही. मागे टेकलो की ती लागते... एकटं वाटतं. लय एकटं.

भांडणं बहुतेक लॉकफाइलवरून. कुठलाही प्रोग्राम दुसऱ्यांनी लिहिलेल्या शेकडो तुकड्यांवर उभा असतो, आणि कुठल्या तुकड्याची नेमकी कोणती आवृत्ती घ्यायची हे ती फाइल सांगते. दोघांच्या कामात ती सारखी आडवी यायची. एकदा वैतागून त्याने ती, दोघांचं काम जिथे जमा व्हायचं त्या आमच्या सामायिक साठ्यातून उडवलीच. मी बोंब मारली, तर म्हणाला, "सगळे तुकडे माझ्या मशीनवर हाय ना? मग कशाला डोकं खातो?"

तो गेल्यावर द्राक्षांचा हंगाम तोंडावर आला आणि पिंपळगावच्या एका पॅकहाउसमधला, पेट्यांची लेबलं छापणारा आमचा प्रोग्राम ज्यावर चालायचा तो कॉम्प्युटर बंद पडला. नव्यावर प्रोग्राम चढवला, तर लॉकफाइल नसल्याने सगळे तुकडे ताज्या आवृत्तीचे उतरले, ते जुन्या प्रोग्रामशी जुळेनात आणि पेट्यांवरची लेबलं कोरी निघायला लागली. मालक म्हणाले, उद्यापर्यंत बघा, नाहीतर दुसऱ्यांकडून नवीनच करून घेतो. त्यांचंही खरं होतं. पण प्रवीणच्या हातचं तेवढंच एक काम अजून चालू होतं. ते फेकून द्यायचं, हे मला सहनच होईना.

शेवटी त्याच्या घरी गेलो. लॅपटॉप खिडकीपाशी होता, वहिनींनी पुसून ठेवलेला. पासवर्ड त्यांनीच सांगितला आणि त्या चहा टाकायला आत गेल्या. जुने तुकडे जिथल्या तिथे होते. त्यांच्यावरूनच लॉकफाइल नव्याने बनवून घेतली. एका ओळीचं तर काम. फाइल पिंपळगावला पाठवली. थोड्या वेळाने तिथून फोन आला, लेबलं नीट छापली जातायत. मग ती आमच्या साठ्यात टाकली, एकदाची.

खिशातला मोबाइल वाजला. बघितलं तर साठ्याचा नेहमीचा निरोप, 'प्रवीणने नवीन बदल पाठवला आहे.' लॅपटॉप त्याचा, म्हणून नावही त्याचंच गेलं होतं. बदलता आलं असतं. नाही बदललं... आणि सवयीने तोंडातून निघून गेलं, "आलं रे."

"काही म्हणालात का, भाऊजी?" वहिनींनी आतून विचारलं.

"काही नाही," म्हणालो. लॅपटॉप मात्र माझ्याने बंद करवेना.