पासवर्ड कोणी बदलला?

मंडळी, आज सकाळपासून ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ईमेल उघडला की पासवर्ड मागणारी चौकट येऊन राह्यली. दहादा टाकला, दहादा परत मागितला.

पासवर्ड दोघांनाच माहीत: मला आणि आमच्या जुन्या क्लार्क देशमुखकाकांना. त्यात ते परवापासून ड्रॉवरला कुलूप लावू लागलेत. मंग सरळच विचारलं, "काका, पासवर्ड तुम्ही बदलला का?"

"न्हाई साहेब."

माझा बिलकुल विश्वास बसला न्हाई.

दुपारी मोबाईलवर ईमेल बराबर उघडला, तेव्हा आठवलं. काल चतुर्थीला राजूरच्या गणपतीला गेल्तो. दर्शनाची रांग हलत नव्हती, म्हणून उभ्या उभ्या मोबाईलवरून मीच पासवर्ड बदलला होता. कॉम्प्युटरवर मात्र जुनाच टाकत बसलो.

काकांना सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "बरं झालं साहेब. आता नवा मला सांगू नका."

यावर तुम्ही काय बोलला असता?