पाच नंबरचं लाकूड

कुणाच्या अंगणात बंब पेटला, की धुराच्या वासाबरोबर गोरखपुरातली ती सकाळ आठवते. वनविद्येच्या प्रॅक्टिकलसाठी सरांनी आम्हाला जळणाचे पाच तुकडे दिले होते, नुसते नंबर टाकून. कोणतं लाकूड कोणत्या झाडाचं आणि कोणाची आच जास्त, ते ओळखून वहीत लिहायचं आणि तुकडे परत न्यायचे. मी ते मागच्या ओट्यावर वाळत घातले. पाचव्यापुढे बराच विचार करून ‘साज’, म्हणजे आपला ऐन, लिहिलं. परीक्षेच्या दिवशी उठले, तर न्हाणीत पाणी वाफाळत होतं आणि ओटा रिकामा. “काहून रडून राहिली? मला वाटलं, बंबासाठीच आणले तू,” आई म्हणाली. मग समजूत घालत सांगू लागली, “दोन नंबर तर नुसता धुपत होता. पण पाच नंबरचा धावडा पाहा, अजून निखारा आहे.” धावडा? मी वहीकडे पाहिलं, बंबाकडे पाहिलं. पडताळायला आता राख तेवढी उरली होती. वर्गाच्या दारात उभं राहून मी ‘साज’ खोडलं, ‘धावडा’ लिहिलं, तेही खोडलं, पुन्हा लिहिलं. सर त्या खाडाखोडीवर थांबले. “ये कैसे पहचाना? और टुकड़े कहाँ हैं?” “जी... जलाकर,” मी कसंबसं म्हटलं. ते पैकीच्या पैकी देऊन मोकळे झाले. आता मीही तोच विषय शिकवते, पण त्या दिवशी पास नेमकं कोण झालं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.